तीन दिवसांनी मोठा

आमच्या सोलापुरातल्या रविवारच्या फुटबॉल लीगच्या वहीत २०२५ च्या हंगामात ९६ मुलं-मुली होती. त्यातल्या एका मुलाच्या प्रवेशाचं हे प्रकरण आहे. त्याचं नाव सांगत नाही. टी-शर्टावर सात नंबर होता, म्हणून इथं तो ‘सात नंबर’. मी बँकेत कॅशियर आहे आणि लीगमध्ये नोंदणीचं टेबल सांभाळतो. फुटबॉलमधलं मला जे काही कळतं ते हिशोबाच्या बाजूनं कळतं. हे आधीच सांगतो, कारण पुढं आकडेमोड बरीच आहे.

लीग म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडं ‘फुटबॉल’ म्हटलं की लोक लगेच विचारतात, जिल्ह्याला सिलेक्शन होतं का. होत नाही. शालेय स्पर्धांसारखी १४, १७, १९ वर्षांखालची शिडी इथं नाही, सुब्रतो कप नाही, चाचणी नाही. ज्याला खेळायचंय त्यानं फॉर्म भरायचा, एवढंच. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकली की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरुवात करायची आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडाशी थांबायचं. आठ रविवार, सकाळी सात ते दहा. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात मुरमावर पोरांना पळवणं म्हणजे भाजणंच. यात्रेच्या आधी खेळवावं तर पोरांचं निम्मं लक्ष होम मैदानावरच्या पाळण्यांत. म्हणून हे आठ रविवार.

मैदान एका शाळेचं. दहा वर्षांखालचे चार संघ, बारा वर्षांखालचे चार, प्रत्येक संघात बारा जण. जागा लहान, त्यामुळं दोन्ही गटांत सात-सात जणांचा खेळ, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. फी ३०० रुपये, त्यात टी-शर्ट. चेंडू चार नंबरचा. दुकानात नुसता ‘फुटबॉल द्या’ म्हटलं तर पाच नंबरचा हातात ठेवतात. तो मोठ्यांचा, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा. नऊ ते बारा वर्षांच्या पोरांना त्याच्यापेक्षा लहान आणि हलका चार नंबर लागतो.

नियमांचा सांगाडा आम्ही अमेरिकेतून उचलला. आमच्यातल्या एका पालकाचा भाऊ तिकडं राहतो, त्याची मुलगी अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनच्या लीगमध्ये खेळलेली. ही संस्था कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स गावात १९६४ साली नऊ संघांवर सुरू झाली. तिथली दोन तत्त्वं आम्हाला पटली. एक, प्रत्येक मूल किमान अर्धी मॅच खेळणारच, मग ते कसंही खेळो. दोन, संघ दर हंगामात नव्यानं पाडायचे आणि ताकदीनं सारखे पाडायचे. ही दोन वाक्यं आम्ही फॉर्मच्या मागं छापली. छापली म्हणजे पाळली असं आम्हाला वाटलं. प्रकरणाची खरी गोम इथं आहे, पण ती कळायला तीन रविवार गेले.

दोन कागद

नोंदणीच्या दिवशी साडेनऊच्या सुमारास एक बाई मुलाला घेऊन टेबलापाशी आल्या. कुंभारीच्या विडी घरकुलातून आलेल्या. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाची ही दहा हजार घरांची वसाहत सोलापूरकरांना सांगायला नको. बाई विड्या वळतात, नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. घरात तेलुगू. पोरगा आईला ‘अम्मा’ म्हणत होता आणि माझ्याशी चोख मराठीत बोलत होता. वयाच्या मानानं बारीक, काटकुळा. पायात चप्पल.

“बूट लागतेत का सर? ते खिळ्याचे?” बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

नाही लागत. उलट कडक मुरमावर स्टडचे बूट घेऊच नका असं आम्ही सांगतो, ते रुतत नाहीत आणि पाय मुरगळतो. शाळेचे कॅनव्हासचे बूट पुरेत. नडगीला शिनगार्ड मात्र हवंच. फुटबॉलच्या कायद्यांतल्या चौथ्या कलमात ते सक्तीचं आहे. त्याचे जोड लीगनं घेऊन ठेवलेत, मॅचपुरते मिळतात. बाईंचा चेहरा जरा मोकळा झाला.

मग मी जन्मतारखेचा पुरावा मागितला. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. महापालिकेच्या जन्म दाखल्यावर २९ डिसेंबर २०१४. आधार कार्डावर १ जानेवारी २०१५.

“दोन्ही आणलंय सर. कुठलं चालतंय ते घ्या की.”

आधार काढताना दाखला हाताशी नव्हता, अंदाजानं तारीख सांगितली गेली, असा तो इतिहास. आपल्याकडं यात नवल काही नाही. शाळेत घालायला सोयीची म्हणून लावलेल्या १ जून या तारखेनं आमच्या पिढीतल्या किती जणांचे वाढदिवस एका दिवशी आणून ठेवलेत! माझ्या काउंटरवर पेन्शनरांचे फॉर्म येतात, त्यात सर्वांत लोकप्रिय जन्मतारीख तीच.

पण इथं प्रश्न तीन दिवसांचा होता. आमची कटऑफ तारीख १ जानेवारी. २०२५ च्या हंगामात दहा वर्षांखालच्या गटात २०१५ आणि २०१६ साली जन्मलेली मुलं, बारा वर्षांखालच्या गटात २०१३ आणि २०१४ ची. आधार धरलं तर सात नंबर दहाखालच्या गटातला सर्वांत मोठा. दाखला धरला तर बाराखालच्या गटातला सर्वांत लहान. पोरगा तोच, ताकद तीच, उंची तीच. एका कागदावर तो दादा, दुसऱ्यावर शेंबडं पोर.

हे काही आमच्या लीगचं खास दुर्दैव नाही. वयोगटाची रेघ कुठंही मारली तरी रेघेलगत कुणीतरी सापडतंच. इंग्लंडमध्ये शाळेच्या वर्षाप्रमाणं ३१ ऑगस्टची रेघ आहे, तर तिथं ऑगस्टातली पोरं मार खातात. कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ च्या सुमारास आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी दिसली. जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं. ते धट्टंकट्टं म्हणून निवडलं जातं, निवडलं म्हणून जास्त खेळतं, जास्त खेळतं म्हणून सुधारतं. आमच्या गटात दोन वर्षांची मुलं एकत्र, म्हणजे सात नंबरच्या समोर त्याच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठं पोरगंही येणार होतं.

मी तेव्हा तिघा कार्यकर्त्यांना बाजूला बोलावलं. एकानं म्हटलं, आधार घ्या आणि मोकळे व्हा, सरकारी कागद आहे. दुसऱ्यानं म्हटलं, दाखला धरून वरच्या गटात घाला, पण बाकीच्या प्रशिक्षकांची लेखी संमती घेऊन त्याला खाली खेळू द्या. मी दाखल्याच्या बाजूचा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे आधार देणाऱ्या खुद्द यूआयडीएआयनं स्पष्ट केलेलं आहे आणि भविष्य निर्वाह निधीवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून ते काढून टाकलंय. बँकेत रोजचं काम, त्यामुळं माझ्या तोंडी हे तयारच होतं. शिवाय समोर दाखला दिसत असताना दुसरा कागद उचलायचा, तर उद्या जो पालक एकच कागद आणेल त्याला काय सांगणार? बाईंनी दोन्ही कागद ठेवले ही त्यांची सचोटी, आणि तिचा तोटा त्यांच्याच पोराला झाला, हे मला तेव्हाही खुपलं.

लेखी संमतीचा मार्ग आज मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तेव्हा वाटला नाही. सात नंबर बाराखालच्या गटात गेला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्यांची एकच शंका, “मोठ्या पोरांत पाय मोडला तर कोण बघणार?” रास्त प्रश्न, आणि तो विचारणारे ते एकटेच पालक. मी सांगितलं, धसमुसळं खेळणाऱ्याला बाहेर बसवतो, प्रथमोपचाराची पेटी असते, गाडी उभी असते. आणि आमच्या लीगमध्ये हेडर नाही, मुद्दाम डोक्यानं चेंडू मारला की समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद आहे, आम्ही ते बारापर्यंत ओढलं. विम्याचं विचारलं तेव्हा मात्र मी गप्प. तेव्हा लीगचा विमा नव्हता.

सूप

पहिल्या रविवारी मैदान तयार करायला आम्ही सहाला पोचलो. आमच्या मैदानाचा शत्रू म्हणजे सराटे. पावसाळ्यात पसरलेली वेल जानेवारीत वाळून जाते आणि तिचे काटे मुरमात तोंड वर करून बसतात. चेंडूचा ब्लॅडर गेलाच म्हणून समजा. वेचून संपत नाहीत. कुणाच्या तरी आजीनं सांगितलेली युक्ती अशी की जुनी सोलापुरी चादर ओली करायची, तिच्यावर एक पोरगं बसवायचं आणि दोघांनी ती मैदानभर ओढत न्यायची. सराटे चादरीला चिकटून येतात. दोन फेऱ्यांत चादर साळिंदरासारखी होते. चादरीवर बसायला पोरांची भांडणं लागतात, तो खेळ फुटबॉलपेक्षा लाडका. मग फक्की मारायची, गोलचे पाइप उभे करायचे.

सात नंबर आणि त्याची आई शेअर रिक्षानं आले. कुंभारीला परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे भाडं दुप्पट, म्हणून बाई दहापर्यंत तिथंच थांबणार. लिंबाखाली बसल्या, मांडीवर सूप घेतलं, त्यात पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. हात चालू, डोळे मैदानावर. हजार विड्या वळायला आठ-दहा तास जातात. म्हणजे सकाळचे तीन तास म्हणजे तीनशेच्या आसपास विड्या. आमच्या ३०० रुपये फीचा आम्ही किती काथ्याकूट केला होता, दोनशे ठेवावी का, गरिबाला माफ करावी का. या दुसऱ्या फीचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

दुसऱ्या रविवारी एका पालकानं हरकत घेतली. मुलांच्या मैदानावर तंबाखू कसा चालतो? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, माहीत नाही का? विकणं आणि वळणं यात फरक आहे असं मी म्हणालो, पण मलाच ते वकिली वाटलं. तंबाखूची धूळ उडते, शेजारी चार-पाच वर्षांची भावंडं खेळतात, हे खरंच होतं. बोलणं बाईंच्या कानावर गेलं असणार. त्या काही न बोलता सूप उचलून फाटकाबाहेर जाऊन बसल्या. तिथून मैदान दिसत नाही.

त्या आठवड्यात आमची बैठक झाली, पार्क चौपाटीवर, चहा आणि नंतर पावभाजी. पूर्ण बैठक सुपावर गेली. एक जण भावूक झाला, एक जण आरोग्यावर बोलला, एकानं बाईंना दर रविवारी तीन तासांचे पैसे द्यावेत असं सुचवलं आणि दुसऱ्यानं मग माझ्या दुकानाचंही शटर बंद असतं म्हटलं. बारानंतर उठलो. ठराव काहीच नाही.

तिसऱ्या रविवारी सात नंबर येऊन खेळून गेला. आई पुन्हा फाटकाबाहेर. चौथ्या रविवारी तो आला नाही.

कुंभारी

सगळ्यांचं एकमत झालं की सुपाच्या अपमानामुळं बाईंनी पोराला पाठवणं बंद केलं. मी त्याच दुपारी स्कूटर काढली आणि माफी मागायला कुंभारीला गेलो. माझं भाषण तयार होतं.

बाई दारातच बसून वळत होत्या. शेजारणी दोघी. माफीचं ऐकून त्या तिघी हसल्या. “ते काय मनावर घ्यायचं सर? आम्हाला बसमधी पण म्हणतेत, वास येतोय म्हणून. त्याच्यासाठी पोराचं कशाला बंद करू?”

मग?

आतून सात नंबर आला, खांबाला टेकून उभा राहिला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “पहिल्या रविवारी पाच मिनिटं. दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला चार.”

त्यानं मोजली होती. आमच्यापैकी कुणीच मोजली नव्हती.

“तिथं बसायलाच जायचं असेल तर घरी बसतो की,” तो म्हणाला. “अम्माच्या विड्या तरी होतेत.”

मी परत येताना हिशोब मांडत होतो. मॅच ४० मिनिटांची, मैदानावर एका वेळी सात जण, म्हणजे वाटायला एकूण २८० मिनिटं. मुलं बारा. प्रत्येकाला अर्धी मॅच म्हणजे २० मिनिटं, बारा गुणिले वीस, २४०. चाळीस मिनिटं शिल्लक राहतात. हिशोब आरामात बसतो. चौदा मुलं असती तर काठोकाठ बसला असता, पंधरा असती तर बसलाच नसता. म्हणजे नियम पाळणं अशक्य होतं म्हणून मोडला असं म्हणायची सोय नव्हती. तो फक्त कुणी बघत नव्हतं म्हणून मोडला होता. आमच्या काउंटरला दिवसअखेर रुपया कमी भरला तर मी घरी जात नाही, आणि इथं पोराची पंधरा-सोळा मिनिटं दर रविवारी गायब होती.

प्रशिक्षक

सात नंबरच्या संघाच्या प्रशिक्षकांविषयी जपून लिहायला हवं, कारण माणूस सोन्यासारखा आहे. कोल्हापूरचा. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमची गच्च गॅलरी, त्यातच वाढलेला. स्वतःच्या खिशातून चार चेंडू आणणारा. पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. पण हरणं म्हणजे काय हे त्यांच्या शरीरालाच माहीत नाही. पहिल्या दोन मॅच जिंकल्या, तेव्हा ठरलेले सात जण सुरुवातीपासून मैदानावर आणि बाकीचे पाच शेवटी “चला, सगळे फिरून या” म्हणून.

मी फोन केला तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “बरोबर आहे. पण ते पोरगं लहान आहे हो. मोठ्यांचा दणका बसला तर? मी त्याला सांभाळतच होतो.” यात तथ्य होतं. पण ते सात नंबरसाठी खरं असलं तरी बाकड्यावरचे दुसरे चौघे काही लहान नव्हते.

मग आम्ही पुन्हा अमेरिकेतल्या त्या भावाला फोन लावला आणि जो प्रश्न हंगामाआधी विचारायला हवा होता तो विचारला. तुमच्याकडं अर्ध्या मॅचचा नियम पाळला जातो तो कसा? तो म्हणाला, “अरे, क्वार्टर असतात ना!” त्याला वाटत होतं की हे आम्हाला माहीतच असेल. त्यांच्याकडं प्रत्येक भागाच्या मध्यावर पंच खेळ थांबवतो, खेळाडू तेव्हा बदलायचे, आणि संघाच्या कार्डावर कोण कुठल्या क्वार्टरला बसलं याची खूण होते. आम्ही वाक्य उचललं होतं, कार्ड उचललं नव्हतं.

पाचव्या रविवारपासून कार्ड आलं. बँकेतल्या व्हाउचरच्या कोऱ्या पाठीवर मी रेघा मारल्या. बारा ओळी, चार रकाने, एक रकाना म्हणजे दहा मिनिटं. मैदानावरच्या जागा सात, रकाने चार, एकूण अठ्ठावीस खुणा. बारा जणांना प्रत्येकी दोन म्हणजे चोवीस. उरलेल्या चार खुणा दर रविवारी वेगळ्या चौघांना. चारही डाव कुणालाच नाही, गोलकीपरलासुद्धा.

“मी कार्ड भरत बसू का मॅच बघू?” प्रशिक्षक म्हणाले. हाही प्रश्न खरा होता. म्हणून कार्ड बाहेर बसलेल्या पोरांच्या हातात दिलं. याचा जो परिणाम झाला तो आम्ही ठरवलेला नव्हता. बाकडं म्हणजे शिक्षा होती, ते आता कचेरी झालं. “काय बे, तुझे दोन झाले, उठ की! सर, ह्याचे दोन झाले, आता माझा नंबर!” दहा वर्षांच्या कारकुनाइतका कडक कारकून मी बँकेतही पाहिलेला नाही.

पुढचे चार रविवार

सात नंबर परत आला. बाईंनी सुपाचा प्रश्न स्वतःच सोडवला, आणि इतका सोपा की पावभाजी खात बसलेल्या आम्हा नऊ जणांना तो सुचू नये याची लाज वाटली. मैदानावर फक्त पानं कातरायची. भिजवलेली पानं, मापाचा पत्रा आणि कात्री. तंबाखू घरी, वळणंही घरी. लिंबाखालची जागा परत मिळाली, आणि हरकत घेणाऱ्या पालकांची बायको तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून पान कसं कातरतात ते शिकत होती.

खेळाचं काय झालं, तर संघ पाचव्या रविवारी चार विरुद्ध एकनं हरला. सहाव्यालाही हरला. प्रशिक्षक मॅचनंतर एकटेच मैदानाला एक चक्कर मारून आले. आम्ही पॉइंट टेबल ठेवत नाही, तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलंच. ते काढायला लावलं, तर दुसऱ्यानं स्क्रीनशॉट टाकला. या बाबतीत आम्ही हरलो आहोत हे मान्य करून टाकतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे निकाल छापायलाच बंदी घातली आहे. ते पाळायला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांपेक्षा शिस्तीची माणसं लागत असणार.

सात नंबर काही चमकला वगैरे नाही. सहाव्या रविवारी एक थोराड पोरगं अंगावर आलं आणि तो सरळ पाठीवर पडला, कोपर सोलवटलं. मी आईकडं पाहिलं. कात्री थांबली होती. पोरगा उठला, कोपर टी-शर्टाला पुसलं आणि परत धावला. कात्री सुरू झाली. सातव्या रविवारपर्यंत एक गोष्ट मात्र त्याची त्यालाच उमगली होती. पायात चेंडू ठेवला की मोठी पोरं येऊन धडकतात, त्यामुळं चेंडू आला रे आला की पुढं द्यायचा. प्रशिक्षक ओरडून ओरडून हेच मोठ्या पोरांना शिकवत होते आणि ती ऐकत नव्हती, कारण त्यांना धक्का मारून निघता येत होतं. “ह्याला गरज पडली म्हणून आलं,” प्रशिक्षक मला म्हणाले.

हंगाम संपल्यावर मी अजून एक उद्योग केला. संघ सारखे पाडावेत म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही प्रत्येक मुलाला एक ते पाच गुण दिले होते. ते गुण आणि जन्मतारखा शेजारी शेजारी लिहिल्या. बाराखालच्या गटात ज्यांना पाच मिळाले ते जवळजवळ सगळे २०१३ चे. खेळाला गुण देतोय म्हणून आम्ही उंचीला गुण दिले होते. या वर्षी गुण दोन रविवार बघून द्यायचे ठरलंय. त्यानं कितपत फरक पडेल याबद्दल मी फार आशावादी नाही, डोळ्यांना उंची आधी दिसते. विमा मात्र या वर्षी काढला. सात नंबरच्या वडिलांचा फोन नसता तर तो या वर्षीही राहिला असता.

२०२६

यंदाच्या नोंदणीला बाई आल्या. मी रेघ समजावून सांगितली. या हंगामात बाराखालच्या गटात २०१४ आणि २०१५ ची मुलं. सात नंबर त्याच गटात राहतो, पण २०१३ ची पोरं निघून गेली आणि खालून २०१५ ची वर आली.

“म्हणजे यंदा ह्योच मोठा?”

मोठ्यांतला एक.

“मग त्या बारक्यांना सांभाळ बे,” त्या पोराला म्हणाल्या. तो वहीकडं बघत होता. त्याला नंबर सातच हवा होता, आणि तो दुसऱ्या कुणी आधी घेतलाय का हे उलटं वाचून शोधत होता.

बाईंच्या मागं घरकुलातली आणखी तिघं पोरं उभी होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. रिक्षा आता भरून येईल, भाडं विभागून जाईल, असा त्यांचा हिशोब. दोघांचे जन्म दाखले त्यांनी पुढं ठेवले. आधार कुणाचंच आणलं नव्हतं, “तुम्ही बघत नाही म्हणून.”

मुलीचा दाखला नव्हता. जन्म आजोळी, पलीकडं कर्नाटकात, इंडी तालुक्यात. कागद मामाकडं आहे, मामा उगादीला येणार. उगादी मार्चात, लीग तोवर संपलेली. मी मुलीला वर्ष विचारलं, तर तिनं “चौथीत आहे” म्हणून सांगितलं. तिघा कार्यकर्त्यांना पुन्हा बाजूला बोलावलं. या वेळी लेखी संमतीवर बोलणं सुरू झालं ते मीच सुरू केलं. चार प्रशिक्षकांच्या सह्या व्हायला आठवडा लागेल असं ठरलं, तोवर दहाखालच्या गटात खेळू दे.

तिचा फॉर्म मी पेन्सिलनं भरला आणि वहीत क्लिप लावून ठेवला.